हात धरून बसण्याबद्दल

"शेवटी शेवटी पेशंटला काही कळत नाही, हात धरून बसणं घरच्यांच्या समाधानासाठी," असं एकाने लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या आजारपणातल्यांची काळजी घेणाऱ्या केंद्रातल्या, रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढले होते, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले. हाक मारली तरी ओ न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूही आवाजाची दखल निरोगी माणसासारखी घेत होता. अर्थ कळत होता का, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण आवाज पोचत असू शकतो, म्हणून कॉटशेजारी उभं राहून "आता किती दिवस काढतील?" ही चर्चा करू नका हो, बाहेर जाऊन करा.

नौपाड्यात घरीच सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं. तेव्हा घरी येणाऱ्या नर्सताईंनी शिकवलं, की त्यांचा हात वरून धरायचा नाही, आपला तळवा त्यांच्या हाताखाली सरकवायचा. वरून धरला की आपलं वजन पडतं, आणि त्यांना हात काढून घ्यायचा असला तरी काढता येत नाही. ऐरोलीहून नणंद यायची, हळूहळू पावलांना खोबरेल लावायची, तेव्हा सासूबाईंच्या कपाळावरची आठी खरंच सैल व्हायची. आणि गिळता येत नसेल तर तोंडात चमच्याने पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो. गंगाजलसुद्धा ओल्या कापसाने ओठांना लावलं तरी पुरतं.