धागा: लहानपणातलं काय तुमच्या कागदावर (किंवा कापडावर, मातीत) उतरलं?

ठाणे-नवी मुंबईकर मंडळी, आठवणींवरून काही घडवलं असेल तर इथे लिहा. "किती गोड दिवस होते" एवढ्यावर सोडू नका. काय वापरलं, कुठे अडलं तेही येऊ द्या.

माझ्यापासून सुरुवात. बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. मला त्यांचा चेहरा काढायचा नव्हता, खाकी शर्टावरचे ऑइलचे डाग काढायचे होते. रंगात ते नुसते घाण दिसत. लिनोवर (छाप घ्यायला कोरतात ती लिनोलियमची चादर) कोरले तेव्हा जमले. कोरलेलं पांढरं राहतं, उरलेल्यावर शाई बसते, त्यामुळे डाग हाच चित्राचा मुख्य ऐवज झाला. प्रेस नाही, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासते. खिशावरचं कंपनीचं नाव मात्र उलटं कोरायला लागतं बरं का!

वाशीकर: आमचं लहानपण सिडकोच्या बैठ्या घरांत. वाशीला लोकल 1992 मध्ये आली, तोवर दादरच्या आजीकडे बसने, खाडीपुलावरून. ती खाडी जलरंगात करतोय. निळी खाडी मी कधी पाहिलीच नाही. बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा) घातलं की ओहोटीचा चिखल बरोबर येतो. वासाचं काय करायचं ते सांगा कोणीतरी.

कळव्याची सून: आजीच्या लुगड्यांची गोधडी. धावदोरा तिचाच, पण टाक्यांनी मी तिच्या घराचा नकाशा काढला: ओटा, मोरी, माळा. फोटो एकही नव्हता. मामा म्हणतो मोरी डावीकडे होती. असू दे, माझ्या गोधडीत उजवीकडेच राहणार.

कोपरीतला: थोडं कडू बोलतो. तलावपाळीची संध्याकाळ, नौका, दिवे... सगळे तेच काढतात. आमच्या चाळीत पाण्यावरून बादल्या फेकल्या जायच्या. मी कोळशाने ती नळाची रांग काढली. आईने बघितली आणि म्हणाली, "हे कशाला भिंतीवर?" तरी लावली. हळहळ वाटायला आधी पोट भरलेलं लागतं.

(धागाकर्ती: कोपरीतले, कडू नाही, खरं बोललात. रांगेचा फोटो टाका की.)

घोडबंदर टॉवर: सोसायटीत दिवाळीच्या किल्ल्याला माती आणू देत नाहीत, डाग पडतात म्हणे. म्हणून गॅलरीत परातीत केला. विटांचे तुकडे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर अळीव. तिसऱ्या दिवशी हिरवं. लेकीने महाराजांशेजारी प्लास्टिकचा डायनोसॉर ठेवला. माझ्या किल्ल्यावर तेव्हा जीप होती, त्यामुळे बोलायची सोय नाही.

वाशीकर: धागाकर्ती, लिनो फार कडक लागतं हो. हात दुखतो.

धागाकर्ती: दहा मिनिटं उन्हात ठेवा, मऊ पडतं. आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवा, पुढे कधीच नको. पुढचे अनुभव येऊ द्या, नेरूळ-ऐरोलीवाले अजून गप्पच आहेत.