खाणीच्या डंपची माती काँक्रीटमध्ये घालून आमची शेतं मोकळी होणार का?

डिचोलीकर
काल इथे एकांनी लिहिलं की खाणीतला टाकाऊ माल वाळूऐवजी काँक्रीटमध्ये घातला की नद्या वाचतात, डंप, म्हणजे टाकाऊ मातीचे ढीग, हटतात आणि काँक्रीटही पर्यावरणपूरक होतं. तोटा काहीच नाही म्हणे. वाचून राहवलं नाही.

गोव्यात एक टन लोहखनिजासाठी दोन-तीन टन माती उपसली गेली. खाणी २०१२ला बंद झाल्या, २०१८ला परत बंद झाल्या, डंप मात्र तसेच उभे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या शेतातलं पाणी तांबडं होतं. पाणी ओसरलं की बोटभर गाळ राहतो. उन्हात तो तडकतो आणि कौलाच्या तुकड्यांसारख्या खपल्या हातात येतात. खाली रोप मेलेलं असतं. माझ्या वडिलांनी अशी तीन वर्षं पेरणी केली, चौथ्या वर्षी बैल विकले.

आणि पर्यावरणपूरक कशाच्या जोरावर? काँक्रीटचा बहुतेक कार्बन सिमेंटमधून येतो. त्यातला अर्ध्याहून जास्त भट्टीत चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो, बाकीचा इंधनातून. जगाच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. वाळू बदलून त्यात काय फरक पडणार?

वैनगंगाकाठ
कार्बन नसेल वाचत, नदी तर वाचते ना दादा? आमच्याकडे रात्रभर रेतीचे टिप्पर चालतात. पात्रातली रेती गेली तशी आमच्या विहिरीची पातळी खाली गेली, दोनदा खोल केली. नागपूरजवळ गोंडेगावला वेकोलिने, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीने, खाणीच्या ओबीतून (कोळशावरच्या माती-दगडातून) रेती काढली. वेकोलिची अशी रेती घरकुलांनाही गेली. तेवढी तरी नदीतून उपसावी लागली नाही. तुमच्या शेताचं दुःख खरं, पण त्यापायी आमची नदी मारू नका.

साईटवरचा
दोघंही वेगवेगळ्या मालाबद्दल भांडताय. गोंडेगावच्या ओबीत वाळूखडक आहे, धुतला की रेती मिळते. डिचोलीच्या डंपात बरीचशी चिकणमाती. बाटलीत अर्धा माल, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, हलवा, तीन तास ठेवा. वर जाड थर बसला तर तो माल वाळू म्हणून घेऊ नका. माती पाणी पिते, सिमेंट खडीला नीट धरत नाही.

पण डिचोलीकर, सिमेंटचा मुद्दा काढलात तर पुढचंही बोला. केओलिन (पांढरी चिनी माती) असलेली माती ७००-८५० अंशांवर भाजली की ती काही प्रमाणात क्लिंकरच्या, म्हणजे चुनखडी भाजून केलेल्या सिमेंटच्या मुख्य घटकाच्या, जागी चालते. अशा सिमेंटला एलसी३ म्हणतात; त्यात क्लिंकर साधारण निम्मं, भाजलेली माती ३० टक्के, चुनखडी १५, बाकी जिप्सम. २०२३ला त्याचं भारतीय मानकही आलं. तुमच्या डंपातली माती तपासून बघायला काय हरकत आहे?

ठाण्याची वहिनी
मानकं कागदावर छान दिसतात. आमच्या इमारतीत नवी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरली म्हणून बिल्डर छाती फुगवत होता. पाचव्या वर्षी बेडरूमच्या छताचा पोपडा पाळण्याशेजारी पडला, आत सळई गंजलेली. आता त्यात खाणीचा कचरा घालायचा?

साईटवरचा
ताई, वाळूला दोष देऊ नका. काँक्रीटचा ट्रक आला की मिस्त्री पाइप लावून पाणी ओततो, माल सरकायला सोपा म्हणून; त्यानं काँक्रीट कच्चं राहतं. मी तीन साईटवर यावरून भांडलोय, एकदा नोकरी गेली. काँक्रीटवर निदान सात दिवस गोणपाट भिजवायचं तर दोन दिवसांत काढून टाकतात.

ठाण्याची वहिनी
म्हणजे इंजिनिअर उभा असताना पाणी ओततात आणि आम्ही मानकावर विश्वास ठेवायचा! तुमची नोकरी गेली, आमचं बाळ थोडक्यात वाचलं.

वैनगंगाकाठ
पाणी ओतणं रेतीतही होते अन् क्रश सँडमध्येही. त्यात खाणीच्या मालाचा काय दोष?

डिचोलीकर
दोष नाही, पण धोका वेगळा आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये खडीत पायरोटाइट, म्हणजे काँक्रीट फुगवणारं लोह-गंधकाचं खनिज, निघालं, १५-२० वर्षांनी हजारो घरांचे पाये फुटले. कोळशाच्या ओबीत त्याच जातीचं पायराइट असू शकतं. मालाच्या प्रत्येक खेपेची तपासणी कोण करणार?

साईटवरचा
कनेक्टिकटची ती खडी साध्या दगडखाणीची होती, खाणकचरा नव्हता. खेपेगणिक तपासणी हवी, हे मात्र मान्य.

डिचोलीकर
दगडखाणीचं मान्य, उदाहरण चुकलं. एलसी३चंही ऐकतो, पटलं म्हणून नाही, माझ्या शेताच्या वरचा डंप हलावा म्हणून. पण तो हलवताना नाल्यावर बांध कोण घालणार? डंपात अजून खनिज आहे, पूर्वी दर चढला की मालक खनिज काढायचा आणि माती पुन्हा उताराला सोडायचा. पावसाआधी नाला उपसा, डंपाच्या पायथ्याला दगडी बांध घाला, मग माती खुशाल भट्टीत न्या. पोतंभर माती मी स्वतः भरून देतो, पत्ता सांगा.

साईटवरचा
मेसेज करतो. दोन पोती द्या, एक वरच्या थरातलं, एक खालचं.