मदत हवी आहे : दोन खुडूक कोंबड्या एकाच टोपल्यात घुसतात

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ऊन ४३ अंशांवर गेलंय, आणि नेमक्या आताच दोन गावरान कोंबड्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसल्या. पिल्लं काढायची आमची ही पहिलीच वेळ. टोपल्यात तणस घालून दोघींना वेगळी अंडी दिली, तरी धाकटी आपली अंडी थंड पडू देते अन् मोठीच्या टोपल्यात घुसते. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर बहुतेक अंड्यांत लाल शिरा दिसल्या, फार आनंद झाला! २१ दिवस होईपर्यंत मधे आडोसा करू, की रात्री धाकटीला टोपल्यासकट दुसऱ्या खोलीत नेऊ? नेल्यावर ती उठून तर जाणार नाही? टिनाखाली उकाडा भयंकर आहे; जवळ ओलं पोतं टांगलं तर चालेल का? लवकर सांगा, अंडी वाया जायला नकोत.