तेर पाहायला एक रात्र मुक्काम: तुळजापूर, धाराशिव की बार्शी? (सोबत दोन ज्येष्ठ)

कडकभाकरी:

नमस्कार मंडळी. सोलापुरातून तेरला जायचंय आणि मधे एक मुक्काम करायचाच आहे. तो कुठे करावा यावर घरात एकमत होईना, म्हणून इथे विचारतेय.

सोबत आई आणि आत्या, दोघी सत्तरीच्या पुढच्या. आईनं शाळेत इतिहास शिकवला. 'प्राचीन तगर म्हणजे आजचं तेर' हे किती पोरांकडून घोकून घेतलं असेल देव जाणे, पण स्वतः कधी तेर पाहिलेलं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात, ज्यात समुद्री व्यापाराची माहिती आहे, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलंय, तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून पार भडोच बंदरात जायची, हे ती पोळ्या लाटता लाटता ऐकवते. आमच्या घरात एके काळी चादरीचे माग होते, त्यामुळे कापडाचा विषय निघाला की ती लवकर थांबत नाही. आत्याला तगरशी काही देणंघेणं नाही. तिला तुळजाभवानीचं दर्शन हवंय, आणि तेरला जाणारच आहोत तर गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकवायचंय.

अंतर फार नाही, तुळजापूर-धाराशिवमार्गे नव्वद किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात जाऊन येणारे येतात, मला ठाऊक आहे. पण आई तासभर गाडीत बसली की उतरल्यावर आधी दाराला धरून उभी राहते, गुडघा सुटेपर्यंत पाऊल टाकत नाही. तुळजापूरची रांग, तेर आणि धाराशिवची लेणी एका दिवसात म्हणजे तिला नुसतं गाडीतून फिरवून आणल्यासारखं होईल.

आत्याचं म्हणणं, तुळजापूरलाच राहू, पहाटे काकडआरती मिळेल. माझी ना आहे, कारण गेल्या वेळी तिथे एका लॉजवर फोनवर 'लिफ्ट आहे' सांगितलं होतं. लिफ्ट होती, पण लाइट गेली की बंद, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. न्हाणीघराला वीतभर उंच उंबरा, आत खाली बसायचं संडास, आणि उठताना धरायला नळाशिवाय काही नाही. रात्रभर जिन्यात 'आई राजा उदे उदे' चालू. भक्तांची चूक नाही, ते त्यासाठीच आलेले असतात, पण आम्हाला झोप हवी होती.

तर, खुद्द तेरमध्ये राहण्याजोगं काही आहे का? नसेल तर धाराशिव बरं की बार्शी? तळमजला किंवा भरवशाची लिफ्ट, कमोड, सकाळी गरम पाणी आणि खाली परमिट रूम नको, एवढंच मागणं आहे. दोन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. तेरचं संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं तेही सांगा.

---

शेंगाचटणी:

नव्वद किलोमीटरला मुक्काम कशाला करायलाव ताई? सकाळी सातला निघा, रात्री जेवायला घरी. लॉजचे दोन हजार वाचतील.

आईंना जुनंच बघायचं असेल तर आपलं हत्तरसंग कुडल काय वाईट आहे? दक्षिण सोलापुरात, भीमा-सीनेच्या संगमावर. शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. 'वांछितो विजेया होईवा', म्हणजे वाचेल तो विजयी होईल. हरिहरेश्वराच्या देवळात ते बहुमुखी शिवलिंग, सगळ्या अंगावर मुखं कोरलेली. दुपारच्या आत जाऊन येणं होतं.

---

कडकभाकरी:

दादा, कुडल झालंय. आईनं तिथल्या शिलालेखासमोर उभं राहून आम्हा सगळ्यांची परीक्षा घेतली. आता तेरच.

---

बालाघाटी:

धाराशिवला राहा. बार्शीत लॉज चांगले मिळतात, पण येडशीकडून फिरून यावं लागतं आणि तुमचं तुळजापूर वाटेतून सुटतं. धाराशिवहून तेर वीस-पंचवीस किलोमीटर. शिवाय जिल्ह्याचं ठिकाण आहे. दवाखाने, रात्री उघडं मेडिकल, सगळं हाताशी. सत्तरीच्या दोन माणसांबरोबर मी आधी हेच बघतो.

जाताना तुळजापूर करा. लवकर निघून सकाळी दर्शन, दुपारी धाराशिवला पोचून जेवण आणि विश्रांती. संध्याकाळ मोकळी ठेवा. तेर दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या अंगानं. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. आणि कोजागरीच्या आसपास तर निघूच नका. सोलापूर-तुळजापूर रस्ता तेव्हा चालत जाणाऱ्यांचा असतो, गाडीवाल्यांचा नाही.

आता हॉटेलचं. मी कामानिमित्त मराठवाड्यातल्या लॉजांवर बऱ्याच रात्री काढल्यात, त्यावरून सांगतो. ॲपवरचे फोटो बघून ठरवू नका, फोन करा आणि 'हो' म्हणता येणार नाही असे प्रश्न विचारा. 'गरम पाणी आहे का' म्हटलं की सगळे हो म्हणतात. 'किती ते किती असतं, सोलर की गिझर' विचारा. सोलरवाले बहुतेक सकाळी दोन तास देतात, आणि ढगाळ असेल तर बादलीत कोमट. 'लिफ्ट आहे का' नको, 'लाइट गेल्यावर जनरेटरवर लिफ्ट चालते का' विचारा. कमोड आहे म्हणतील, तर बाथरूमचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा. पाठवत नसेल तर समजून जा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. बायपासच्या नव्या हॉटेलांना जोडून लॉन किंवा मंगल कार्यालय असतं. खोल्या स्वच्छ, पार्किंग ऐसपैस, सगळं उत्तम, आणि संध्याकाळी सहाला डीजे सुरू. कॅलेंडरात लग्नतिथी बघा आणि 'त्या रात्री कार्यक्रम आहे का' हे नीट विचारून घ्या. बसस्थानकाजवळच्या जुन्या लॉजात हा त्रास नाही, पण तिथे पहाटेपासून एसटीचे हॉर्न. तिथे घेतलीत तर मागच्या बाजूची खोली मागा.

चेकआउटही विचारून घ्या. काही ठिकाणी चोवीस तास धरतात, काही ठिकाणी सकाळी नऊ-दहालाच खोली सोडायला लावतात. नऊवाला असेल तर तेरला निघताना सामान गाडीतच टाकावं लागेल.

---

तेरणाकाठ:

मी तेरजवळचाच. गावात हॉटेल म्हणावं असं काही नाही. चहा-भजी मिळेल. यात्रेला येणारे वारकरी राहतात ती सोय निराळी, ती तुमच्या कामाची नाही. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. ते दिवस सोडून या.

आईंना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. पुस्तकातलं तगर मनात धरून येणारे लोक इथे हिरमुसतात. कुंपण घातलेलं, फलक लावलेलं, विटांच्या भिंती उघड्या करून ठेवलेलं असं शहर इथे नाही. गाव जुन्याच वस्तीवर बसलंय. सभोवती पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं आहेत. पिढ्यान् पिढ्या ती माती लोकांनी शेतात आणि घराला नेली, आणि त्या मातीतून मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, नाणी निघत गेली. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते गोळा करून ठेवलं, म्हणून आज संग्रहालय आहे. म्हणून आधी संग्रहालय, मग देवळं, असा क्रम ठेवा. उलट केलंत तर टेकाड हे नुसतं टेकाडच दिसतं.

संग्रहालयात केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या, बाहुल्या सावकाश बघा. दोन साच्यांतून पुढचं-मागचं अंग काढून जोडलेल्या, आतून पोकळ. काहींच्या कानातले दागिने नि केसांची ठेवण अशी काही आहे की आत्याही थांबून बघतील. रोमशी व्यापार होता हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रोमन नाण्याच्या नकलेचं मातीचं पदक, भोकासकट, गळ्यात घालायला केलेलं बघणं वेगळं. हस्तिदंती स्त्रीमूर्तीबद्दल आईंना माहीत असेलच. इटलीत पॉम्पेईला १९३८ मध्ये अशीच एक सापडली, आणि ते गाव इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेलं, त्यामुळे तिच्या काळाचा अंदाज लागतो. तेर आणि भोकरदनच्या मूर्ती तिच्याच जातकुळीतल्या.

पण फक्त त्या मूर्तीसाठी येणार असाल तर निघायच्या आधी संग्रहालयात फोन करून ती सध्या मांडलेली आहे का विचारा. वार म्हणाल तर सोमवार टाळाच, शासनाची संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात. त्याच फोनवर वेळही विचारून घ्या.

त्रिविक्रमाचं देऊळ मात्र निवांत बघा. मागची बाजू अर्धगोल, गजपृष्ठाकार म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी, सगळं विटांचं, वर चैत्यासारखं, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहासारखं, छत. मूळचा बौद्ध चैत्य की पहिल्यापासून देऊळ, यावर जाणकार अजून भांडतात. पुढचा मंडप नंतरचा. आत त्रिविक्रम पाय उचलून उभा. मागे जाऊन बाहेरून ती गोलाई बघायला विसरू नका, बरेच जण पुढूनच परत जातात. सकाळी नऊच्या आत गेलात तर ऊन तिरपं पडतं आणि विटांचे थर वेगळे दिसतात. मुक्काम करण्याला माझ्या लेखी हेच खरं कारण आहे. सोलापूरहून निघून ती वेळ गाठायची म्हणजे दोघींना पहाटे चारला उठवावं लागेल.

उत्तरेश्वरही विटांचंच, लहान, कोरीव नक्षीचं. गोरोबाकाकांची समाधी नदीच्या काठाला, काळेश्वराशेजारी. नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं ते आमच्याच गावात, हे आत्यांना सांगा.

---

शेंगाचटणी:

हे वाचून माझाच जायचा बेत व्हायला लागला. मुक्कामाचं मागे घेतो. धाराशिवला थांबणारच असाल तर गुलाबजाम खाऊन या. त्या भागात खवा चांगला, भूम-कुंथलगिरीकडचा.

---

कडकभाकरी:

बालाघाटी, तुमचे प्रश्न कागदावर लिहून फोन लावले. पहिल्या ठिकाणी 'किती ते किती' विचारल्यावर तो माणूस थोडा वेळ गप्पच झाला, मग म्हणाला, 'मॅडम, खरं सांगू का, सात ते आठ.' दुसरं बायपासचं, फोटोत फार छान, पण त्याच रात्री हळदीचा कार्यक्रम. तिसऱ्या ठिकाणी तळमजल्यावरची खोली आहे, गिझर आहे, बाथरूमचा फोटो पाच मिनिटांत आला, आणि कमोडशेजारी भिंतीला चक्क दांडी आहे. तीच ठरवली. परमिट रूम आहे म्हणे, पण रस्त्यापलीकडे.

बुधवारी निघतोय, जाताना तुळजापूर. आत्याला काकडआरतीऐवजी दुपारी खोलीत झोप आणि दुसऱ्या दिवशी गोरोबाकाका, असा तह झालाय. संग्रहालयात अजून फोन लागला नाही, पुन्हा करते.

एकच राहिलं. संध्याकाळी धाराशिवची लेणी आईला झेपतील का? गाडी कुठपर्यंत जाते?

---

बालाघाटी:

लेणी गावापासून आठेक किलोमीटरवर, डोंगरात. शेवटचा टप्पा पायी आणि चढउताराचा आहे, धरायला कठडा असेलच असं समजू नका. गुडघा दुखत असेल तर मी नेणार नाही. अगदीच हट्ट धरला तर दिवस मावळायच्या बऱ्याच आधी पोचा, काठी घ्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या लेण्यापुरतंच ठेवा. त्याचे खांब आणि मांडणी अजिंठ्याच्या वाकाटक राजांच्या काळातल्या विहारांची आठवण करून देतात, तेवढं बघितलं तरी पुष्कळ. पण दुसऱ्या दिवशी तेरला चालायचंय, तो गुडघा तिथेच खर्ची घालू नका.

---

तेरणाकाठ:

सहमत. लेणी पुढच्या खेपेला. बुधवारी निघताय म्हणजे गुरुवारी सकाळी तेर. संग्रहालय उघडायच्या आधी पोचलात तर अपवाद म्हणून आधी त्रिविक्रम करा, ऊन तेव्हाच चांगलं असतं. संग्रहालय झाल्यावर पुन्हा दोन मिनिटं देवळाच्या मागे जा, जवळच आहे. पाणी आणि टोपी सोबत ठेवा, टेकाडांवर सावली नाही.