छायाचित्रापासून चौकापर्यंत

शहरांतील सायकलवापराविषयी सल्ला देणारे मिकाएल कोलव्हिल-अँडरसन हे अभियंते नाहीत, मग त्यांच्या मतांना किती वजन द्यावे, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. परंतु त्यांच्या कारकिर्दीचा क्रम पाहिल्यास उत्तर तिथेच सापडते. चित्रपटक्षेत्रातून आलेल्या या गृहस्थांनी २००६ साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, रोजच्या पोशाखात सायकलवर निघालेल्या एका स्त्रीचे छायाचित्र टिपले, त्यातून ब्लॉग उभे राहिले, २००९ मध्ये ‘कोपनहेगनाइझ’ ही सल्लागार संस्था निघाली आणि त्याच नावाचे पुस्तक २०१८ मध्ये आले. कॅमेऱ्याची सवय त्यांनी सोडली नाही: चौकात दिवसभर चित्रीकरण करून सायकलस्वार प्रत्यक्षात कोणत्या रेषेने वळतात हे पाहायचे आणि मग रस्ता आखायचा, ही त्यांनी काढलेल्या संस्थेची पद्धत मला पुस्तकाहूनही मोलाची वाटते. (त्यांचा प्रचारकी सूर मात्र कधीकधी खटकतो.)

नवी मुंबईपुरते बोलायचे, तर पाम बीच मार्गावर पहाटे दिसणारे हेल्मेटधारी सायकलस्वार व्यायामासाठी निघालेले असतात. नेरूळच्या एखाद्या सेक्टरमधून स्थानकापर्यंतचे दीड-दोन किलोमीटर साडी नेसून सायकलने जाणारी बाई विरळाच. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे राज्य सरकारच्या नगरनियोजन महामंडळाने, हे शहर कोऱ्या कागदावर आखले आणि पुढे त्यातील बहुतेक वस्ती रेल्वे स्थानकांभोवतीच वाढली, त्यामुळे अंतर ही इथली अडचण नव्हेच. अडचण आहे ती स्थानकाबाहेरच्या चौकाची, जिथे रिक्षा, बस आणि पादचारी एकाच वळणासाठी झगडतात. कोलव्हिल-अँडरसन यांची चित्रीकरणाची पद्धत आधी तिथेच वापरून पाहावी, असे माझे मत आहे.