मदत हवी आहे: रस्ता मोकळा केला, पण लोक थांबत नाहीयेत

आमच्या गल्लीतला १२ मीटर रुंद रस्ता आम्ही रहिवासी मिळून, परवानगी काढून, चार रविवार सकाळी गाड्यांना बंद ठेवला. खडूने पट्टे मारले, कुंड्या आणि हलवता येतील अशा खुर्च्या ठेवल्या, अँब्युलन्स आणि फायर ब्रिगेडसाठी मधे साडेतीन मीटर मोकळे सोडले. बस इथून जात नाही, पार्किंग मागच्या रस्त्यावर हलवलंय, त्यामुळे तो वाद सध्या नाही.

अडचण अशी की एका बाजूला दुकानं आहेत तिथे माणसं रेंगाळतात, पोरं खेळतात, आणि समोर ४० मीटर लांब सलग कंपाउंड वॉल आहे, तिकडे कोणी फिरकतच नाही, खुर्च्या नेऊन ठेवल्या तरी लोक त्या उचलून परत सावलीत, दुकानांकडे आणतात. आम्ही दर अर्ध्या तासाने मोजलं, जाणारे वाढलेत पण बसणारे जवळपास तेवढेच. भिंत रंगवून पाहिली, लोक फोटो काढतात आणि निघून जातात.

कोपनहेगनचा स्ट्रॉगेट हा बाजाराचा रस्ता १९६२ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवे रस्ता २००९ मध्ये आधी ट्रायल म्हणूनच गाड्यांना बंद केला होता, म्हणून आम्हालाही पक्कं बांधकाम करायच्या आधी नीट शिकायचंय. भिंत पाडता येणार नाही, खोदकामाची परवानगी नाही, सगळं दुपारी उचलावं लागतं.

अशा बंद भिंतीच्या कडेला लोक खरंच बसावेत म्हणून कोणी आधी काय केलंय, फक्त सावली पुरते का तिथे काहीतरी चालू असावंच लागतं?