मदत हवी आहे: नाटकातलं पात्र आणि खरा खटला एकाच निबंधात कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. ‘अन्यायी कायद्याला कायदा म्हणावं का?’ यावर निबंध लिहितेय. एक खटला डोक्यातून जातच नाही. १९४४, जर्मनी. रजेवर आलेला सैनिक घरात हिटलरविरुद्ध बोलला. तो नकोसा झालेल्या बायकोनेच तक्रार केली. देहदंड ठोठावला, पण शेवटी त्याला आघाडीवर धाडलं. १९४९ मध्ये खटला तिच्यावर उभा राहिला. ‘मी तेव्हाच्या कायद्याप्रमाणेच वागले’ हा तिचा बचाव. तरी ती दोषी ठरली. यावरच १९५८ मध्ये हार्ट आणि फुलर हे कायद्याचे दोन तत्त्वज्ञ भिडले. हार्टच्या मते अन्यायी कायदाही कायदाच; फुलरच्या मते नैतिकता पार सोडलेला कायदा हा कायदाच नव्हे. मला फुलर पटतो, पण हार्टचा मुद्दा खोडता येत नाही: शिक्षा द्यायचीच तर पूर्वलक्षी (मागच्या कृत्यांना लागू होणारा) कायदा करतोय हे उघड कबूल करा.

अडचण पुढे आहे. ग्रीक नाटककार सोफोक्लीसची अँटिगनी राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देते. सॉक्रेटिस पळून जाणं शक्य असूनही तुरुंगातच थांबतो. दोघंही मला हवेतच. पण नाटकातलं पात्र खऱ्या खटल्याशेजारी युक्तिवाद म्हणून टिकतं का, की फक्त प्रश्न मांडण्यापुरतं वापरायचं? कायदा आणि साहित्य दोन्ही शिकलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. आणि हार्टच्या आधी जर्मन कायदेपंडित राडब्रूखचा याच प्रश्नावरचा १९४६ चा लेख वाचू का?